संकटात देवाचा धावा नेमका कसा करायचा? (ख्रिस्ती प्रार्थना, सविस्तर)

पंचगंगाकाठ

जय ख्रिस्त.

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांकडे, म्हणजे इशारा पातळीकडे, सरकायला लागलं की सुतारवाड्यात भांडीकुंडी वर चढतात आणि मोबाइलवर ठरलेला निरोप फिरायला लागतो: स्तोत्र ९१ सात वेळा म्हणा, अकरा जणांना पाठवा, संकट टळेल. ख्रिस्ती घरांतही फिरतो. स्तोत्र उत्तमच आहे, पण ते असं मोजून म्हणायला आणि पुढे ढकलायला पवित्र शास्त्रात कुठेही सांगितलेलं नाही. मग सांगितलंय काय, ते इथे एका जागी लिहून ठेवू. पूर असो, दवाखाना असो, कर्ज असो.

सुरुवात स्तोत्र १३ पासून करतो, कारण सहाच वचनं आहेत आणि सगळे भाग सुटे सुटे दिसतात.

पहिली दोन वचनं तक्रारीची. चार वेळा 'कोठवर'. तू मला विसरणार कोठवर, तोंड लपवणार कोठवर, मी जिवाशी झुरू कोठवर, वैऱ्याचं माझ्यावर चालणार कोठवर. दोनदा बोट देवाकडे, एकदा स्वतःच्या मनाकडे, एकदा बाहेरच्या माणसाकडे. तिसऱ्या-चौथ्या वचनात मागणं: माझ्याकडे बघ, उत्तर दे, डोळ्यांत उजेड घाल. मागण्याला कारणही जोडलंय: नाहीतर मी मरेन आणि वैऱ्याला आनंद होईल. पाचव्यात वळण येतं, मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवलाय. सहाव्यात गाण्याचा शब्द दिलाय.

हे वहीत उतरवायचं तर अर्धं पान पुरतं. वर देवाला रोज ज्या नावाने हाक मारता ते नाव. खाली तक्रारीच्या चार ओळी, एका ओळीत एकच गोष्ट, आणि ती आकड्यासकट. 'आर्थिक अडचण आहे' असं नको. 'पतसंस्थेचा हप्ता ८,४०० रुपये, तारीख १०, हातात ३,०००' असं. मग मागणं, शक्यतो आजचं किंवा या आठवड्याचं. मग ते का मागतोय. शेवटी देवाने पूर्वी केलेलं एक काम, शास्त्रातलं किंवा घरातलं.

बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, लोक पाचव्या वचनापासूनच सुरू करतात. 'प्रभू, तू भला आहेस, सगळं चांगलंच करतोस' असं म्हणून झाल्यावर तक्रार काढायची लाज वाटते आणि ती पोटातच राहते. दोन, तक्रार इतकी मोघम असते की महिन्याभराने उत्तर मिळालं की नाही हे कळायला मार्गच नसतो.

ओवीकर

चांगला धागा, काका. थोडी भर.

स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतला सगळ्यात मोठा गट विलापाचाच आहे. उपकारस्तुतीपेक्षा रडगाणी जास्त. रविवारच्या उपासनेत मात्र २३, १०० आणि १२१ यांच्यापुढे आपली गाडी फारशी जात नाही.

सगळी स्तोत्रं १३ सारखी वळत नाहीत, हेही सांगायला हवं. स्तोत्र ८८ शेवटच्या शब्दापर्यंत अंधारातच आहे. तरी ते शास्त्रात ठेवलंय. विलापगीताची बांधणी बघा: पाच अध्याय, पहिल्या चारांत मूळ हिब्रू वर्णमाला धरून रचलेली वचनं. १, २, ४ आणि ५ या अध्यायांत प्रत्येकी २२ वचनं, मधल्या तिसऱ्यात ६६. देवाची दया रोज सकाळी नवी होते, हे प्रसिद्ध वचन त्या तिसऱ्या अध्यायात, बरोबर पुस्तकाच्या पोटात आहे. शेवटी नाही. शेवटच्या वचनात परत शंकाच आहे, तू आम्हाला अगदीच टाकलंस का म्हणून. दुःखात आशा मधेच येते, पुन्हा जाते. ज्याने हे रचलं त्याला ते ठाऊक होतं.

आणि भाषा. मराठी माणसाला हे शिकवायला बाहेरून कुणी यायला नको. धावा, करुणा हे आपलेच शब्द. वारकरी संतांनी विठ्ठलाशी किती हक्काने भांडण केलंय! आपण मात्र प्रार्थनेला उभे राहिलो की 'हे परमकृपाळू स्वर्गीय पित्या' पासून पुस्तकी मराठी चालू. घरात जसं बोलतो तसं बोलावं. कोल्हापुरी तर कोल्हापुरी.

रंकाळ्याचा_वारा

"देवा, आता लई झालं, बघ की जरा." ही प्रार्थना चालतीय म्हणायची?

ओवीकर

चालते. 'किती दिवस झोपणार, ऊठ की' या अर्थाचं खुद्द स्तोत्र ४४:२३ मध्ये (४४वं स्तोत्र, २३वं वचन) आहे. तुमचं त्यापेक्षा मवाळच झालं, दादा.

शंकासुर

थांबा. इस्राएल लोकांनी वाळवंटात कुरकुर केली तर देवाचा कोप झाला. गणना या पुस्तकात ११व्या अध्यायात पीडा आली, १४व्यात चाळीस वर्षांची शिक्षा. तुम्ही सांगता तक्रार करा. दोन्ही कसं काय बरोबर?

पंचगंगाकाठ

फार नेमका प्रश्न. उत्तरही त्याच गणना ११ मध्ये आहे.

लोक आपापल्या डेऱ्याच्या दाराशी रडत होते, मिसरातली (इजिप्तमधली) काकडी, खरबूज, कांदा, लसूण आठवून. त्यानंतर लगेच, ११ ते १५ वचनांत, मोशेची तक्रार येते, आणि ती लोकांच्या तक्रारीपेक्षा कडक आहे: या सगळ्या लोकांना मी जन्म दिला का, हे ओझं मला झेपत नाही, असंच चालायचं असेल तर मला मारूनच टाक. मोशेला शिक्षा झाली नाही. त्याला ओझं वाटून घ्यायला सत्तर वडील, म्हणजे जाणते पुढारी, मिळाले.

फरक तोंड कुणीकडे आहे त्याचा. लोक देवाविषयी एकमेकांशी बोलत होते, मोशे देवाशी बोलत होता. अनुवाद या पुस्तकात १:२७ मध्ये तर 'डेऱ्यांत कुरकुर केलीत' असा ठपका आहे. म्हणजे आत बसून, पाठीमागे. एक वापरायची खूण सांगतो: तक्रारीच्या वाक्यात देव 'तो' असेल तर ती कुरकुर व्हायला लागली. 'तू' असेल तर प्रार्थना आहे. वहीतलं वाक्य 'देवाने माझं असं का केलं' असं झालं असेल तर खोडून 'देवा, तू माझं असं का केलंस' करा. शब्द तेच राहतात, तोंड वळतं.

शंकासुर

पटलं. मोशेकडे कधी त्या बाजूने बघितलं नव्हतं.

खाट_क्रमांक_सात

दवाखान्यातल्या प्रार्थनेबद्दल लिहिते. सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) असो की खासगी, मिरजेचं असो की कोल्हापूरचं, चुका सगळीकडे त्याच होतात.

जायच्या आधी घरच्यांना विचारायचं, आता येऊ का. वॉर्डात शिरताना हात धुवायचे, निघतानाही. उभं राहून वरून बोलायचं नाही. स्टूल ओढून पेशंटच्या डोळ्यांच्या उंचीवर बसायचं. पहिला प्रश्न, 'प्रार्थना करू का?' आणि 'नको' आलं तर नको. दुसरा प्रश्न, 'काय मागू?' हा प्रश्न जवळजवळ कुणी विचारत नाही. आपण कॅन्सर बरा होवो म्हणून मागत असतो आणि त्या माणसाला फक्त रात्री झोप हवी असते किंवा मुलीच्या फीची काळजी असते.

वचन एकच. स्तोत्र २३ सावकाश वाचलं तरी मिनिटभरात होतं. प्रार्थना दोन मिनिटं, आवाज त्या खाटेपुरता. शेजारच्या खाटेवरचा माणूस आपल्या धर्माचा असेलच असं नाही, आणि असला तरी तो आजारी आहे. हात धरायचा तर विचारून, आणि सलाइन नसलेला. मग गप्प बसायचं थोडा वेळ. सगळं मिळून दहा मिनिटांत उठायचं.

तेल. याकोब ५:१४ प्रमाणे मंडळीच्या वडिलांना (पुढाऱ्यांना) बोलावून तेल लावून प्रार्थना करणं ही जुनी रीत आहे. बोलवायचं आजाऱ्याने, हे वचनातच आहे. वडिलांनी आपणहून बाटली घेऊन फिरायचं नाही. कपाळावर एक थेंब पुष्कळ झाला. जखमेवर, टाक्यांवर, डोळ्यांत नाही. अतिदक्षता विभागात सिस्टरला विचारल्याशिवाय नाही. ऑक्सिजनचा मास्क लावलेला असेल तर अजिबात नाही. तेलकट काहीही ऑक्सिजनजवळ न्यायचं नसतं, आगीचा धोका असतो. 'आशीर्वादित तेल' म्हणून बाटल्या विकत असतील तर घेऊ नका. त्या वचनात प्रभू उठवतो असं आहे, तेल उठवतं असं नाही.

न बोलायच्या गोष्टी: 'विश्वास कमी पडतोय', 'काहीतरी पाप राहिलं असेल, आठवून बघा', 'देव ज्याच्यावर प्रेम करतो त्यालाच परीक्षेत घालतो'. आणि रोमकरांस ८:२८, सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात हे वचन, ते खरं आहे, पण ताज्या दुःखात दुसऱ्याच्या अंगावर फेकायचं नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तेवढंच त्यांनी बरोबर केलं. तोंड उघडलं आणि शेवटी ४२:७ मध्ये देवाने त्यांनाच चुकीचं ठरवलं. भांडणारा ईयोब बरोबर ठरला.

वचनपक्का

ताई, आदर ठेवून विरोध करतो. तुम्ही सगळे मिळून विश्वासाची धार बोथट करताय. मार्क ११:२४ स्वच्छ आहे: जे मागाल ते मिळालंच आहे असा विश्वास धरा, म्हणजे मिळेल. 'झोप दे' एवढंच मागणारी प्रार्थना कशाला? आजार जा म्हणून आज्ञा करावी. तक्रारीच्या वह्या लिहून पराभवाची कबुली कशाला द्यायची?

खाट_क्रमांक_सात

मोठं मागू नका असं मी म्हटलेलं नाही, भाऊ. मागावंच. लूक ११ मधला मध्यरात्री दार ठोठावणारा मित्र आणि लूक १८ मधली न्यायाधीशाच्या मागे लागलेली विधवा या दोन्ही गोष्टी प्रभूने चिवटपणा शिकवायलाच सांगितल्या. पेशंटने 'बरं व्हायचंय' म्हटलं तर तेच मागते, थेट.

पंचगंगाकाठ

वचनपक्का, मार्क ११ घेताय तर मार्क १४ पण घ्या. गेथशेमाने बाग, येशूला धरून न्यायच्या आधीची रात्र. 'हा प्याला दूर कर' हे मागणं, आणि 'माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या' ही पुढची ओळ. मत्तयाने नोंदवलंय की तीनदा मागितलं, त्याच शब्दांत. प्याला टळला नाही. पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा मागितलं, २ करिंथकर १२. काटा राहिला, कृपा पुरे आहे हे उत्तर मिळालं. यांचा विश्वास कमी होता असं म्हणणार का?

अजून एक ठिकाण. प्रेषितांची कृत्ये १२. एकाच अध्यायात हेरोद योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारतो आणि पेत्राला देवदूत तुरुंगातून बाहेर काढतो. मंडळी तीच. तिथे कुणाच्या विश्वासाचं माप काढलेलं नाही. इब्री ११ मध्ये ३५व्या वचनाच्या मधोमध फाटा फुटतो: आधी सिंहांची तोंडं बंद झालेले, मेलेले परत मिळालेले, आणि त्याच वाक्याच्या पुढच्या अर्ध्यात हाल सोसलेले, दगडमार झालेले, करवतीने चिरलेले. दोन्ही गटांना विश्वासाचीच शाबासकी आहे.

वचनपक्का

इब्रीचा मुद्दा मान्य. पण मग मागताना 'तुझी इच्छा असेल तर' हे पळवाट म्हणून वापरतात त्याचं काय? आधीच हार मानायची, म्हणजे उत्तर आलं नाही तरी देवाची अब्रू राहिली.

पंचगंगाकाठ

ते तुमचं शंभर टक्के बरोबर. प्रभूने ती ओळ मागणं झाल्यावर म्हटली, मागण्याऐवजी नाही. आधी पूर्ण, निःसंकोच मागायचं. मग सोडायचं.

रंकाळ्याचा_वारा

मूळ मुद्दा पुराचा राहिलाच की ओ.

नहेम्याची_भिंत

पुरावर मी लिहितो. नाव त्यासाठीच घेतलंय, यरुशलेमेची भिंत परत बांधणाऱ्या नहेम्याचं.

नहेम्या ४:९ पाठ करून ठेवण्यासारखं आहे: आम्ही देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा बसवला. एकाच वाक्यात दोन्ही. हिज्कीया राजाचंही तसंच, तो आजारी असताना. २ राजे २० मध्ये तो भिंतीकडे तोंड करून रडला, देवाने पंधरा वर्षं वाढवून दिली, आणि यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिराचा लेप लावायला सांगितला. प्रार्थना ऐकली गेली तरी लेप लावलाच.

कोल्हापूरला ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पाणी ५० फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा क्रम असा ठेवा. पाणी ३९ च्या आसपास आलं की एकदा घरच्यांसोबत बसून प्रार्थना, पाच मिनिटं, आणि तीही पिशवी भरून झाल्यावर. पिशवीत: आधार, रेशनकार्ड, घराचे कागद, पासबुक, औषधं किमान आठवड्याची, चार्जर, टॉर्च. सगळं प्लास्टिकमध्ये. पवित्र शास्त्रही त्यातच, वेगळं हातात धरून पाण्यातून जायचं नाही, हात मोकळे हवेत. मेन स्विच बंद. जनावरांचं दावं सोडलेलं. महापालिका किंवा तहसीलकडून स्थलांतर करा असा निरोप आला की त्याच वेळी निघायचं. 'प्रार्थनेत अजून शांती मिळाली नाही' म्हणून थांबायचं नाही. अडकलात तर ११२. बोटीवाला आला की बसायचं.

स्तोत्र ९१ बद्दल. 'देवदूत तुला हातांवर झेलतील' हे त्यातलं ११-१२ वचन मत्तय ४ मध्ये कोण म्हणतो ते बघा. सैतान, आणि मंदिराच्या शिखरावरून उडी मारायला सांगताना. प्रभूचं उत्तर: देवाची परीक्षा पाहू नको. चिखली-आंबेवाडीत पाणी शिरत असताना ९१ म्हणत घरात बसून राहणं हे त्या उडीच्याच जातीचं आहे.

पुरात म्हणायचंच तर स्तोत्र ६९. पहिल्या दोन वचनांत पाणी गळ्यापर्यंत आलंय, पाय चिखलात रुततोय, ठाव लागत नाही. शिबिरात रात्री लाइट नसताना मोठ्याने वाचण्याजोगं. पुढे २२ ते २८ मध्ये शापवाणी आहे, ती लहान मुलांसमोर गाळली तरी चालेल. पहिली १८ वचनं घ्या. दुसरं, यशया ४३:२, तू पाण्यांतून चालशील तेव्हा मी बरोबर असेन. 'पाणी येणारच नाही' असं तिथे म्हटलेलं नाही.

नहेम्याची_भिंत

एक राहिलं. पूर ओसरल्यावर गाळ काढताना कुणीतरी म्हणतंच, अमक्या गल्लीच्या पापामुळे पाणी आलं. लूक १३. शिलोहातला बुरूज पडून अठरा जण मेले, ते यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त दोषी होते का? प्रभूचं उत्तर: नाही. आणि लगेच पुढे, तुम्ही पश्चात्ताप करा. विचारणाऱ्याकडेच वळवलंय. गाळ काढताना हे वचन खिशात असू द्या.

नवी_सून

नवस चालतो का आपल्यात? माहेरी-सासरी सगळीकडे ऐकू येतं, 'हे झालं तर अमुक करीन.' चर्चमध्येही मेणबत्तीचं, दानाचं बोलतात.

ओवीकर

ताई, शास्त्रात नवस आहे. स्तोत्र ६६:१३-१४ मध्ये संकटात बोललेले नवस फेडायला मी तुझ्या घरी येईन असं आहे. मूल नसलेल्या हन्नाने मुलासाठी बोलला, तोच शमुवेल. पण तीन कुंपणं घातलेली आहेत. उपदेशक ५:४-५: बोललात तर उशीर न करता फेडा, फेडणं होणार नसेल तर न बोललेला बरा. शास्ते ११: इफ्ताहाने तोंडाला येईल ते बोलून मुलगी गमावली, म्हणून दुसऱ्याच्या जिवाचं, वेळेचं, पैशाचं तुम्ही बोलायचं नाही. 'मूल बरं झालं तर सून दर शुक्रवारी उपास करील' हा नवस सुनेचा नाही, सासूचाही नाही. तिसरं, देवाला त्यातून काही मिळत नाही. स्तोत्र ५० मध्ये तो सरळ म्हणतो, मला भूक लागली तर तुला सांगायचो नाही, सगळं जग माझंच आहे. तू संकटात माझा धावा कर.

त्यामुळे सौदा म्हणून नको. आभार आधीच ठरवून ठेवायचे म्हणून असेल तर चालेल, छोटा आणि आपल्याच खिशातला.

नवी_सून

"सुनेचा नाही" हे प्रिंट काढून लावते. धन्यवाद दादा.

खाट_क्रमांक_सात

उपास निघालाच आहे तर. उपवास-प्रार्थनेत लोक आडवे पडतात ते नियोजन नसल्यामुळे. पहिल्यांदा करणाऱ्याने एक जेवण सोडावं, दुपारचं. तो पाऊण तास प्रार्थनेला. पाणी चालू ठेवायचं. एस्तेर ४:१६ चा तीन दिवस अन्नपाण्याशिवायचा उपास हा मृत्यूच्या दारातला अपवाद होता, दर महिन्याचा कार्यक्रम नाही. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणारे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, लहान मुलं, वजन घटलेले आजारी यांनी जेवण सोडायचं नाही. मोबाइल सोडा, टीव्ही सोडा. औषधाची गोळी कधीच सोडायची नाही. वाचलेल्या जेवणाचं काय करायचं हे यशया ५८:७ मध्ये आहे, भुकेल्याला द्यायचं. ते बहुतेक सभांमध्ये वाचलं जात नाही.

शंकासुर

आणि साप चावला तर?

नहेम्याची_भिंत

१०८ ला फोन, चावलेला भाग हलवू द्यायचा नाही, चिरायचं-चोखायचं नाही, सरळ सरकारी रुग्णालय. प्रार्थना गाडीत. कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला औषधोपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. 'येशूच्या नावाने' म्हटलं म्हणून त्यात सूट मिळत नाही.

सावलीतला

ज्याला प्रार्थनाच करता येत नाही त्याने काय करायचं? शब्दच येत नाहीत, झोपून राहावंसं वाटतं, जगणं नको वाटतं. असल्या माणसाला 'वही लिही' सांगणं कठीण आहे.

पंचगंगाकाठ

त्याला वही सांगू नये. १ राजे १९ वाचून त्यातला क्रम पाळावा. एलीया झुडपाखाली पडून 'आता पुरे, माझा जीव घे' म्हणतो. देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं. मग देवदूताने उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. परत झोपू दिलं. परत खायला दिलं, कारण वाट लांबची आहे म्हणून. बोलणं झालं ते त्यानंतर, होरेबावर, चाळीस दिवसांची चाल झाल्यावर.

म्हणजे अशा माणसाकडे गेलात तर डबा न्या. पिठलं-भाकरी, आमटी-भात, जे त्याला जातं ते. शेजारी बसून त्याच्या वतीने तुम्ही प्रार्थना करा. मार्क २ मध्ये पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणलं आणि प्रभूने 'त्यांचा' विश्वास बघितला असं लिहिलंय. त्याला स्वतःला म्हणायचं असेल तर दोन शब्द पुरतात, 'प्रभू, दया कर.' तेही नसेल तर रोमकरांस ८:२६, आत्मा उसाशांनी मध्यस्थी करतो. उसासा चालतो.

आणि जगणं नको वाटतंय असं कुणी बोललं तर ते प्रार्थनेचा विषय म्हणून सभेत वाचून दाखवायचं नाही. सरळ विचारा, 'जीव द्यायचा विचार येतोय का?' विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. एकटं सोडायचं नाही. टेली-मानस १४४१६, सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. हातचा प्रसंग असेल तर ११२. चालू असलेल्या मानसोपचाराच्या गोळ्या 'विश्वासाने' बंद करायला सांगणाऱ्याला घराबाहेर ठेवा, मग तो पाळक का असेना.

सावलीतला, हे तुमचं स्वतःचं असेल तर इथे उत्तर द्यायची गरज नाही. आधी तो फोन लावा.

सावलीतला

नंबर लिहून घेतला. स्तोत्र ८८ वाचलं आत्ता. शेवटी खरंच अंधारच आहे. बरं वाटलं, का ते माहीत नाही.

गायनमंडळ

मंडळीने एकत्र विलाप कसा करायचा यावर कुणी लिहिलं नाही. कोल्हापूरच्या वायल्डर मेमोरियल चर्चसारखं मोठं देऊळ असो की शिरोळकडची पंधरा माणसांची घरसभा, ४५ मिनिटांचा हा क्रम बसतो.

सुरुवातीला शांतता, दोन मिनिटं, घड्याळ लावून. नेता अस्वस्थ होऊन तीस सेकंदांत बोलायला लागतो, म्हणून घड्याळ. मग एक स्तोत्र आळीपाळीने, अर्धं नेत्याने, अर्धं सगळ्यांनी. १३, ४२ किंवा १३०. मग एक गीत, संथ, फक्त पेटीवर. ढोलकी आणि की-बोर्डचा ठेका आत्ता नको. इथेच सगळं घसरतं. लोक रडायच्या बेतात असतात आणि गायनमंडळ टाळ्यांचं गाणं सुरू करतं.

पुढे पंधरा मिनिटं तक्रार आणि मागणं. एकाने एक वाक्य, सगळ्यांनी 'प्रभू, आमचं ऐक'. एक वाक्य म्हणजे एकच, हे आधी सांगून ठेवायचं. नाहीतर एक ज्येष्ठ सदस्य बारा मिनिटं घेणार आणि त्यात दोन घरांची उणीदुणी निघणार. ज्यांना बोलायचं नाही त्यांच्यासाठी दाराशी चिठ्ठ्या आणि टोपली. चिठ्ठ्या वाचायच्या नाहीत, क्रुसाजवळ ठेवायच्या आणि सभा संपल्यावर फाडून टाकायच्या. हिज्कीयाने शत्रूचं पत्र देवापुढे पसरलं होतं, २ राजे १९:१४, त्या धर्तीवर.

संदेश असेल तर सात मिनिटं. साक्ष नको, निदान या सभेत. 'माझं कसं सुटलं' हे ऐकून ज्याचं सुटलेलं नाही तो अजून मिटतो. शेवट प्रभूच्या प्रार्थनेने. भोजन नको, चहा हवा, कारण खरं बोलणं चहाच्या वेळी होतं. दोन माणसं नुसती ऐकायला नेमलेली असावीत.

वचनपक्का

साक्ष नको हे मला पचत नाही. स्तोत्र २२ मध्ये 'तू मला का सोडलंस' पासून निघून बाविसाव्या वचनात सभेत साक्ष आहेच की.

गायनमंडळ

बाविसाव्या वचनात आहे. आधीची एकवीस होऊ देत. पुढच्या महिन्यात उपकारस्तुतीची सभा ठेवा, तिथे साक्षच साक्ष. वहीतले पंचगंगाकाठ काकांचे आकडे तिथे कामाला येतील, काय मागितलं आणि काय झालं ते.

वचनपक्का

दोन सभा. ठीक. पहिलीला मी मागच्या बाकावर बसेन.

रंकाळ्याचा_वारा

मला त्या पुराच्या पिशवीत ठेवायला एकच कागद पाहिजे. आमच्या म्हातारीला बारीक अक्षर दिसत न्हाई. काय काय छापू?

ओवीकर

एका बाजूला स्तोत्र ६९:१-३ आणि यशया ४३:२, दुसऱ्या बाजूला स्तोत्र २३ पूर्ण. आजींना पाठ असलेल्या आवृत्तीतलंच घ्या. शब्द बदलले की जुन्या माणसांची लय तुटते. अक्षर २० पॉइंट, ठळक, दोन ओळींत मोकळी जागा. ए-फोर कागदावर बसतं. खाली ११२, १०८ आणि दोन नातेवाइकांचे नंबर. घरी प्रिंटर इंकजेट असेल तर तिथे काढू नका, शाई पाण्याने पसरते. झेरॉक्सच्या दुकानात लेझर प्रिंट काढून लॅमिनेट करा आणि कडा अर्धा सेंटिमीटर जास्त सोडायला सांगा. कागदाच्या कडेला लागून कापलं तर पाणी आत शिरतं.